सत्तर अंशांचं गार दूध

पेल्यातल्या दुधावरची साय हललीही नव्हती. दूध तापायला लागलं की साय आधी कडेने सुटते, मग मधोमध सुरकुतते आणि त्या सुरकुत्यांखालून बारीक बुडबुडे वर येतात. यातलं काहीच झालं नव्हतं. विमलने मनगटाच्या आतल्या बाजूला दुधाचा एक थेंब घेतला. रांजणातल्या पाण्यासारखा गार. तरीही पेटीच्या काळ्या काचेवर हिरवे आकडे ठामपणे उभे होते : सत्तर. घंटाही वाजून गेली होती. म्हणजे पेटीच्या लेखी काम झालं होतं.

“तापलं का गं?” मागून सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी विचारलं.

“न्हाई, आत्याबाई.”

“मग घंटी कामून वाजवली तिनं?”

“तिला वाटायलंय, तापलं म्हणून.”

“म्हणजे तुझ्या मामासारखीच हाय म्हण की. न झालेलं काम झालं म्हणून सांगायची.”

ओसरीवर बाजेवर बसलेल्या उद्धवरावांनी नुसतंच खाकरून दाखवलं. बायकोच्या टोमण्याला उत्तर देण्याचं वय आता गेलं, असं ते म्हणत. ते वय त्यांना कधी आलं होतं, हे मात्र कमलनगरात कुणाला आठवत नव्हतं.

ती पेटी विमलच्या नवऱ्याने, व्यंकटने कुवैतहून आणली होती. उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा दोन गोधड्यांत गुंडाळून, मुंबईपासून मांडीशी धरून. स्टेशनवर उतरवताना हमालाने विचारलं होतं, टीव्ही का? व्यंकट म्हणाला होता, चूल हाय. हमाल हसला, पण ते खरं होतं. जाळ नाही, धूर नाही, आणि आत ठेवलेलं दूध काही मिनिटांत उकळतं. चिनी मातीच्या पेल्याचा कान मात्र बोटाला सोसवेल इतकाच कोमट. पहिल्या दिवशी आळीतल्या बायकांनी तो पेला हातोहात फिरवला होता. शेवटी एकीने पेला खाली ठेवून त्याला नमस्कार केला होता.

पेटी आणायला कारण होतं. गेल्या थंडीत सत्यभामाबाईंचा हात चुलीत गेला. जाळ कुठवर आलाय ते त्यांना दिसलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजव्या डोळ्याची बाहुली तर ताक सांडल्यासारखी पांढुरकी झाली होती. उदगीरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की उजवा पिकलाय. आणखी थांबाल तर तो आतल्या आत फुटेल, आणि मग कितीही शस्त्रक्रिया केली तरी उजेड परत यायचा नाही. त्यालाही सहा महिने होऊन गेले. सत्यभामाबाई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या; दिवाळी होऊ द्या, मग बघू, एवढंच म्हणत. कुणी विषय काढला की त्या थोरल्या बहिणीचं नाव घेत. राजूअक्काचा डोळा कापला तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला उताणी निजवली होती. हलायचं नाही, खोकायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिला ठसका लागला आणि डोळा गेला तो गेलाच.

पेटी आल्यावर तर त्यांना आयतंच बळ मिळालं. विमलने पेटीच्या एका बटणावर चिंचोका चिकटवून दिला होता. पेल्यात दूध ओतायचं, तारेच्या टोकाची स्टीलची सळई दुधात सोडायची, दुसरं टोक आतल्या उजव्या भिंतीतल्या भोकात बसवायचं आणि चिंचोका दाबायचा. दूध सत्तर अंशांवर आलं की सळई पेटीला कळवणार, पेटी आपण होऊन थांबणार आणि घंटा वाजवणार. दूध कमी असो की जास्त, मिनिटं मोजायला नकोत, आकडे बघायला नकोत.

“मला आता जाळ नको की उजेड नको,” त्या ऐटीत सांगत. “चिंचोका दाबला की झालं. डोळ्यांची बला कशाला घालून घेऊ?”

आणि आता श्रावणात पेटीच खोटं बोलायला लागली होती.

विमलला क्षणभर वाटलं, राहू द्यावी अशीच. पेटी बंद पडली तर यांचा आधार जाईल. मग तरी ऐकतील. पण त्याच वेळी सत्यभामाबाई भिंतीला हात लावत चुलीकडे निघाल्याही होत्या. मनगटावरचा जुना भाजल्याचा चट्टा पदराखालून दिसत होता. विमलने पुढे होऊन त्यांना पाटावर बसवलं आणि दूध स्टोव्हवर ठेवलं.

पेटीबरोबर एक जाड पुस्तिका आली होती, अर्धी इंग्रजी आणि अर्धी अरबी. इंग्रजी विमलने वाचली. अरबी बाजू उद्धवरावांनी हट्टाने मागून घेतली. निजामाच्या राज्यात ते उर्दू शाळेत शिकले होते. त्या अक्षरांवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटे. चष्मा लावून त्यांनी एक सबंध पान खड्या आवाजात वाचलं.

“काय लिवलंय मामा?” विमलने विचारलं.

“हुरूफ समदे वळखीचे हायत. मतलब लागंना.”

“लगीन झाल्यापास्नं ह्यांचं असंच हाय,” आतून आवाज आला.

इंग्रजी बाजूला दोन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या. पहिली, पेटीचं मागचं झाकण घरच्यांनी कधीही उघडू नये. आतली वीज तार काढल्यावरही जीव घेऊ शकते. विमलने ते दोनदा वाचलं आणि मनाशी पक्कं केलं की जे काही शोधायचं ते बाहेरून. दुसरी, भोकात सळई नसताना चिंचोक्याचं ते बटण दाबलं तर पेटीने एकही आकडा दाखवता कामा नये.

त्या आठवड्यात व्यंकटच्या ओळखीचा गुंडप्पा आला. भालकीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तो दुपारच्या गाडीने आला आणि सरळ पेटीसमोर मांडी घालून बसला. दूध ठेवलं, सळई सोडली, चिंचोका दाबला. आकडे शिस्तीत चढले : चाळीस, पन्नास, साठ. सत्तरला घंटा. दुधातून वाफ निघत होती.

“अक्का, मशीन बराबर हाय की.”

“सकाळी बिघडती, अण्णा.”

“सकाळी तिला बी झोप येत आसंल,” तो हसून म्हणाला. चहा घेतला, पैसे घ्यायला तयार झाला नाही आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध गार आणि आकडा सत्तर.

विमल गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत असे. उदगीरच्या कॉलेजातून तिने भौतिकशास्त्र घेऊन पदवी केली होती. बिघडलेल्या वस्तूचं एक तिला ठाऊक होतं : जी कायमची बिघडते तिचं काही नाही, पण जी कधी बिघडते आणि कधी बरी होते, ती आपलं मर्म सांगत असते. ते ऐकायला मात्र तिच्या वेळी जाऊन बसावं लागतं. पेटी सकाळी बिघडत होती, दुपारी बरी होत होती. मग सकाळी इथे असं काय होतं, जे दुपारी नसतं?

शनिवारी तिने शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर घरी आणला. काळ्या डब्यावर काच, काचेखाली कमानीसारखी आकड्यांची पट्टी आणि त्यावर एक केसाएवढा काटा. रविवारी सकाळी घरातलं आवरल्यावर ती स्वयंपाकघरात बसली. सळई पेटीतून सोडवली, मीटरच्या दोन तारा तिच्या मागच्या टोकाला लावल्या आणि सळई गार पाण्याच्या तांब्यात सोडली. काटा थोडा सरकून थांबला. मग बंबातलं कढत पाणी घेतलं. काटा उठला आणि पट्टीवरून दूर गेला. न अडखळता, न उडी मारता. विसण घालून पाणी कोमट केलं, तसा तो मधे येऊन उभा राहिला.

सळई शाबूत होती. जे जसं होतं तसंच ती सांगत होती.

ते कळल्यावर खरं तर सळई खाली ठेवायची. पण विमलने ती पुसली आणि सहज आपल्या मुठीत धरली.

काटा चालू लागला. हळूहळू, उन्हात सावली सरकते तसा. तिच्या मुठीत विस्तव नव्हता, काही नव्हतं. तिच्या अंगात जन्मापासून असलेली ऊब तेवढी होती. सळईच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक खडा असतो, आणि तो जितका तापतो तितकी त्यातून वीज मोकळी वाहते, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळवले होते. आता पहिल्यांदाच ती ते बघत होती. तो दाणा कुठल्या दूरच्या देशात भाजला गेला असेल. आणि कमलनगरच्या एका बाईच्या तळहाताची ऊब त्याला ओळखू येत होती. तिने मूठ सोडली. काटा मागे फिरला. पुन्हा धरली. पुन्हा चालू लागला. बाहेर उद्धवराव चहा मागत होते, ते तिला ऐकू आलं, पण उठवेना.

मग चूक पेटीत होती. तिने सळई दूर ठेवली, भोक रिकामं ठेवलं आणि चिंचोका दाबला. पेटीने मुकं राहायला हवं होतं.

सत्तर, पेटी म्हणाली. घंटा वाजली.

सळई नव्हती, दूध नव्हतं, काहीच नव्हतं, आणि तरी कुणीतरी पेटीला सांगत होतं की इथे ऊन दूध आहे.

तिने पेटीची तार भिंतीतून काढली आणि बॅटरीचा उजेड भोकात टाकला. वाटोळी धातूची कडी, मधोमध टाचणीसारखा खिळा, आणि त्या दोहोंच्या मधे लाल गाळ. कडुनिंबाच्या काडीला कापूस गुंडाळून तिने तो अलगद काढला. ओलसर होता. तिने वास घेतला. हळद आणि चुना. कुंकू होतं ते.

सगळं एका क्षणात जुळलं. कोरडं कुंकू निरुपद्रवी. पण ओलं असताना त्यातून कडीपासून खिळ्यापर्यंत वीज झिरपते, अगदी तापलेल्या दाण्यातून झिरपावी तितकी. पेटीला फरक कसा कळावा? आणि दुपारपर्यंत कुंकू वाळलं की ती पुन्हा खरं बोलणार.

ते कुंकू तिथे आलं कसं, एवढंच उरलं होतं. तेही तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

या घरात पूजा केल्याशिवाय चूल पेटत नसे. सत्यभामाबाईंनी नेहमीसारखं चुलीला पोतेरं दिलं, चुलीच्या तोंडाच्या वर हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले. मग त्या पेटीकडे आल्या. दार उघडून त्यांनी उजवा हात आतल्या भिंतीवर फिरवला. बोटाला भोकाची कडी लागली. हे या चुलीचं तोंड. त्यांनी करंड्यातल्या कुंकवात पाण्याचे दोन थेंब टाकले, बोट बुडवलं आणि तोंडाच्या वर टिळा लावायला हात उचलला. बोट वर गेलंच नाही. ते नीट भोकात गेलं आणि तिथे पुसलं गेलं.

त्या एक पाऊल मागे सरल्या. कोऱ्या भिंतीकडे बघत त्यांनी हात जोडले.

“घरादाराला सांभाळ, बाबा. माझ्या व्यंकटला सांभाळ,” त्या पुटपुटल्या. चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू समोर लालबुंद टिळा उमटलाय.

विमल दाराआडून हे बघत होती. उन्हाळ्यात हेच बोट नेमकं भोकाच्या वर पडत असे. आता तिच्या ध्यानात आलं की देवघरातल्या तसबिरींवरचं कुंकूही हल्ली काचेवर नसतं, चौकटीवर असतं. ते ती रोज बघत होती आणि बघत नव्हती.

त्या दिवसापासून सासूबाई पूजा करून तुळशीला पाणी घालायला वळल्या की विमल भोकात कापूस फिरवी. पेटी खरं बोलू लागली. दूध सत्तरला तापे, घंटा वाजे आणि सत्यभामाबाई आळीभर सांगत फिरत की सून माझी इंजिनेर हाय. पण कापूस फिरवताना रोज विमलला वाटे, आपण कुंकूच तेवढं पुसत नाही, आणखी काहीतरी झाकतोय. उजवा डोळा रोज थोडा अधिक पिकत होता.

एका दुपारी त्यांनीच विचारलं. विमल शाळेतून येऊन नुकती टेकली होती. उद्धवराव बाजेवर सुपारी कातरत होते.

“गुंडप्पाला जमलं न्हाई ते तुला कसं जमलं? काय बिघडलं हुतं, खरं सांग.”

खरं सांग म्हटल्यावर विमलला दुसरं काही सांगता आलं नाही. तिने सगळं सांगितलं. सळईतला ऊब ओळखणारा दाणा, भोक, कडी, ओलं कुंकू. आवाज मुद्दाम मऊ केला नाही, कठोरही केला नाही. वर्गात सांगते तसं सांगितलं.

सत्यभामाबाई आधी हसल्या. “अगं बाई! बिचारीच्या नाकात कुंकू कोंबायले की मी रोज!”

उद्धवरावही हसले. मग त्यांचा अडकित्ता थांबला, कारण बायको हसायची थांबली होती.

“पन मी टिळा वर लावायले, विमल. भोकाच्या वर. चुलीला लावतो तसा.”

“वर न्हवता, आत्याबाई.”

“दिसत हुता मला.”

विमल त्यांच्या आणखी जवळ सरकून बसली.

“रोज दिसत हुता. लाल. वाटोळा. हात जोडताना मी त्याच्याकडं बघत हुते की गं.” त्यांनी आपल्या उजव्या हाताचं बोट डोळ्यांशी नेलं, जणू त्याला विचारत होत्या. “नसलेला टिळा कसा दिसला मला?”

“तुमच्या मनात इतकी वर्षं तो हाय. डोळ्यानं दावलं न्हाई, तर मनानं दावला.”

“मन असं बी करतंय व्हय?”

“सगळ्यांचं करतंय.”

त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. एखाद्या अनोळखी गावात उतरल्यावर माणूस इकडेतिकडे बघतं तशी त्यांची मान हळूच वळत होती. मग म्हणाल्या, “ती सळई खरं बोलती म्हणालीस. दाखव मला.”

मीटर अजून घरातच होता. विमलने तारा जोडल्या आणि सळई त्यांच्या हातात दिली. “मुठीत धरा. घट्ट नको, नुसती धरा.”

“अन् मग?”

“तुमच्या हाताची ऊब तिला कळंल. इथं काचेत एक काटा हाय, तो हलंल.”

“नुसत्या हातानं? जाळ न्हाई, वाफ न्हाई?”

“नुसत्या हातानं.”

त्यांनी मूठ मिटली. भाजलेला हात होता तो. काटा जागचा सुटला आणि त्या पट्टीवरून चालू लागला, अगदी विमलच्या मुठीने चालला होता तसाच.

“हालला का?”

“हलायलाय, आत्याबाई.”

अडकित्ता खाली ठेवून उद्धवराव उठले, वाकून काचेशी आले आणि तसेच राहिले. “अगं सत्यभामा,” ते म्हणाले. त्यांनी बायकोला नावाने हाक मारलेली विमलने कधी ऐकली नव्हती. “अगं, खरंच हलायलाय. जित्या माणसावानी चालायलाय. तुझ्या मुठीनं!”

“कुठवर आलाय?”

“अर्ध्याच्या म्होरं. थांब, आजून जायलाय.”

सत्यभामाबाईंनी मूठ तशीच ठेवून मान खाली घातली. आधी डावा डोळा काचेजवळ नेला, मग उजवा. नाक काचेला टेकलं. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं धरलं, ते विमलने पदराने पुसलं. त्यांनी पुन्हा बघितलं. डोळे ताणले, बारीक केले, पुन्हा ताणले. काचेवरचा उजेड त्यांच्या पांढुरक्या बाहुलीत पडून तिथेच थांबत होता.

“कुठाय?”

“हे इथं.” विमलने त्यांचं मोकळं बोट धरून काचेवर ठेवलं. बोटाखालून काटा पुढे गेला. काच गुळगुळीत होती. बोटाला काहीच लागलं नाही.

“माझ्या हाताची ऊब,” त्या सावकाश म्हणाल्या, “तिकडं त्या दाण्याला कळली. काट्याला कळली. ह्यांना दिसली, तुला दिसली.” मूठ उघडून त्यांनी सळईवर अंगठा फिरवला. “अन् ज्याची ऊब, त्यालाच दिसंना.”

“मागं फिरला बघ,” उद्धवराव हळूच म्हणाले. “मूठ सोडलीस ना.”

त्यांनी पुन्हा मूठ मिटली. बाहेर खेळायला निघालेली पोरं ओरडत गेली, आळीच्या टोकाला जीप थांबून निघून गेली, आणि त्या तशाच बसल्या होत्या. त्यांना न दिसणारा काटा पुन्हा चढत होता.

“विमल.”

“जी.”

“डोक्याला वाळूच्या पिशव्या आजून लावतात का गं?”

“न्हाई, आत्याबाई. आता टाके घालतात. दुसऱ्या दिवशी उठवून बसवतात.”

“अन् ठसका लागला तर?”

“आधी खोकल्याचं औषध देतात. खोकला थांबल्याबिगर हात लावीत न्हाईत.”

“राजूअक्काला दिलं न्हवतं त्यांनी.”

“तवा न्हवतं देत.”

त्यांनी मान हलवली. मग सळई ज्या हाताने धरली होती तो हात छातीशी घेतला. त्यामुळे मीटरच्या तारा ताणल्या गेल्या आणि विमलला डबा पुढे सरकवावा लागला. उद्धवराव काहीतरी बोलायला गेले. त्यांना बायकोने दुसऱ्या हाताने थांबवलं.

“दिवाळी-बिवाळी काही बघू नका आता,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “उद्या मला उदगीरला न्या. माझा डोळा करायचाय.”